पिशवीतले जंतू : मूल न होण्याशी त्यांचा संबंध किती?

गर्भाशयातल्या जंतूंच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला की आधी नजर जाते ती रंगीत गोलाकडे. एक भाग हिरवा, एक नारिंगी, एखादी जांभळी फाक. हिरव्या भागावर लिहिलेलं असतं 'लॅक्टोबॅसिलस' आणि त्यापुढे टक्के. ते नव्वदच्या खाली असले की बाजूला शेरा येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली जोडपी मूल होत नाही म्हणून कोल्हापूर, मुंबई नाहीतर पणजीला उपचारांसाठी जातात आणि हल्ली असा एखादा कागद घेऊन परततात. घरी आल्यावर सांगता येतं ते एवढंच, की "पिशवीत जंतू निघालेत." सासूबाईंच्या कानावर पडेपर्यंत त्याचं 'पिशवी खराब आहे' झालेलं असतं. वाडीत पुढे काय काय होतं ते सांगायला नको.

रिपोर्टवरचा तो शेरा खोटा नसतो. पण त्याचा अर्थ लावायला शास्त्रज्ञही अजून झगडतायत. म्हणून हा विषय जरा मुळापासून बघू.

आधी एक हिशेब

वर्षभर नियमित संबंध येऊनही, कुठलंही गर्भनिरोधक वापरत नसताना, दिवस राहिले नाहीत तर डॉक्टर त्याला वंध्यत्व म्हणतात. बाईचं वय पस्तीसच्या पुढे असेल तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांतच तपासण्या सुरू करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी याला तोंड द्यावं लागतं.

आता आपल्याकडची गंमत अशी, की नवरा मुंबईला कामाला किंवा बोटीवर, आणि घरी येणार गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. लग्नाला तीन वर्षं झाली म्हणून घरचे घायकुतीला येतात, पण दोघं एकत्र राहिल्याचे दिवस मोजले तर सहा महिनेही भरत नाहीत. त्यात पाळीच्या मधले जे मोजके दिवस गर्भ राहायला योग्य, ते त्या सुट्टीत सापडले तर सापडले. अशा जोडप्यात दोष शोधण्याआधी कॅलेंडर बघावं. हे जंतूंशी संबंधित नाही, कबूल. पण कॅलेंडरला पैसे पडत नाहीत.

जंतू म्हणजे रोग नव्हे

मायक्रोबायोम म्हणजे शरीराच्या एखाद्या भागात वस्ती करून असलेले सगळे सूक्ष्मजंतू, एकत्रितपणे. आतड्यात असतात, कातडीवर असतात, तोंडात असतात. योनिमार्गातही असतात आणि तिथे त्यांचं असणं गरजेचं आहे. १८९२ मध्ये अल्बर्ट ड्योडरलाइन या जर्मन डॉक्टरने तिथल्या काडीसारख्या जंतूंचं वर्णन केलं. तेच आजचे लॅक्टोबॅसिलस. योनीच्या अस्तरात साठलेल्या साखरेपासून ते लॅक्टिक आम्ल बनवतात. त्यामुळे तिथला सामू, म्हणजे पीएच, साधारण ३.८ ते ४.५ राहतो. एवढ्या आंबट जागी बाहेरून आलेल्या बहुतेक उपद्रवी जंतूंचं बस्तान बसत नाही.

लॅक्टोबॅसिलस कमी झाले आणि त्यांच्या जागी गार्डनरेलासारखे दुसरे जंतू माजले, की त्या अवस्थेला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. अंगावरून पातळ, करडं पाणी जातं आणि त्याला वास येतो. कोकणात हा वास कोणाला समजावून सांगावा लागत नाही, कारण शिळ्या मासळीचा वास आणि हा, दोन्हींमागे ट्रायमिथाइलअमाइन हे एकच रसायन आहे. अनेक बायकांना मात्र यातलं काहीच जाणवत नाही.

इथपर्यंत वाद नाही. वाद सुरू होतो तो गर्भाशयाच्या तोंडापलीकडे.

खारबांधाच्या आत कोण राहतं?

खाडीकाठच्या गावांत भातखाचरांत खारं पाणी शिरू नये म्हणून बांध घालतात आणि त्याला उघाडी ठेवतात. ओहोटीला उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर जातं आणि भरतीला ती बंद होते. गर्भाशयाचं तोंड आणि त्यातला घट्ट चिकट स्राव यांचं कामही थोडंफार असंच. पाळीचं रक्त बाहेर येतं, बीज सुटायच्या सुमारास स्राव पातळ होऊन शुक्राणूंना वाट मिळते, एरवी दार बंद. १९०० च्या सुमारास फ्रान्समधल्या हेन्री टिसिए यांनी गर्भ निर्जंतुक जागी वाढतो असं मांडलं, आणि पुढची शंभरेक वर्षं डॉक्टर तेच शिकत आले.

मग जंतू ओळखायची पद्धत बदलली. पूर्वी नमुना काचेच्या बशीत वाढवून बघत, आणि जे बशीत वाढत नाहीत ते दिसतच नसत. आता नमुन्यातला जंतूंचा डीएनए वाचतात. या पद्धतीने गर्भाशयाच्या आतही जंतूंच्या खुणा सापडल्या. अमेरिकेतल्या २०१५ च्या एका अभ्यासात, वेगळ्या कारणांसाठी काढून टाकलेली गर्भाशयं तपासली तेव्हा बहुतेकांत खुणा निघाल्या. पण प्रमाण फार कमी होतं. योनिमार्गाच्या तुलनेत गर्भाशयात जंतू शंभर ते दहा हजार पटींनी कमी असतात असं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे.

आता बांधाच्या आतल्या खाचरात एक निवटी, म्हणजे खाडीच्या चिखलातला छोटा मासा, दिसली असं समजा. ती तिथेच राहणारी? की कालच्या उधाणात फटीतून आत आलेली, उद्या मरून जाणारी? की बघायला गेलेला माणूस खाडीतून चालत आला आणि त्याच्याच टोपलीतून ती खाचरात पडली? नुसती निवटी दिसली यावरून यातलं काहीच ठरत नाही. गर्भाशयातल्या जंतूंचा सगळा घोळ हाच आहे.

शेवटची शक्यता तर अगदी खरी आहे. नमुना घ्यायला साधारण तीन मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची नळी वापरतात. ती योनिमार्गातून, गर्भाशयाच्या तोंडातून आत घालतात आणि अस्तराचा कणभर तुकडा ओढून घेतात. म्हणजे जिथे दहा हजार पटींपर्यंत जास्त जंतू आहेत त्या वाटेने जाऊन, जिथे जवळजवळ नाहीत तिथलं मोजायचं. चिमूटभर बाहेरचं चिकटलं तरी गोलाचे रंग बदलतात.

चीनमध्ये २०१७ साली संशोधकांनी ही अडचण टाळण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी पोटाच्या बाजूने नमुने घेतले. त्यांना गर्भाशयात लॅक्टोबॅसिलसचं राज्य दिसलं नाही. स्यूडोमोनस, असिनेटोबॅक्टर अशी वेगळीच मंडळी निघाली. आणि यातलं पुन्हा एक वळण म्हणजे हेच जंतू प्रयोगशाळेच्या पाण्यात आणि रसायनांतही सापडतात.

नव्वदचा आकडा आला कुठून?

रिपोर्टवरच्या नव्वद टक्क्यांचा उगम २०१६ च्या एका स्पॅनिश संशोधनात आहे. आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याचा उपचार, करून घेणाऱ्या ३५ स्त्रियांच्या गर्भाशयातले जंतू तपासले आणि दोन गट केले: लॅक्टोबॅसिलस नव्वद टक्क्यांहून जास्त असलेल्या, आणि त्याहून कमी असलेल्या. पहिल्या गटात ५८.८ टक्के स्त्रियांना मूल झालं, दुसऱ्यात ६.७ टक्के.

फरक डोळे दिपवणारा आहे. पण एकूण ३५ जणी, त्यांचेही दोन गट! दुसऱ्या गटात आणखी दोघी-तिघींना मूल झालं असतं तर तो आकडा कुठल्या कुठे गेला असता. या संशोधनातले काही जण ज्या कंपनीशी जोडलेले होते, तिनेच पुढे ही चाचणी बाजारात आणली. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. नवं संशोधन पुष्कळदा असंच पुढे सरकतं. पण खरेदी करणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

त्याच गटाने २०२२ मध्ये अनेक देशांतल्या ३४२ स्त्रियांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना मूल झालं त्यांच्यात लॅक्टोबॅसिलस जास्त, आणि ज्यांना झालं नाही त्यांच्यात गार्डनरेला, क्लेबसिएला यांसारखे जंतू जास्त, असा कल तिथेही दिसला. म्हणजे धूर आहे. आग जंतूंनी लावली, की आधीच बिघडलेल्या अस्तरात ते नंतर येऊन बसले, हे असल्या अभ्यासातून कळत नाही.

धूर बघून फसल्याचं उदाहरण शेजारच्याच अवयवात घडलं आहे. २०१४ मध्ये वारेतही जंतूंची वस्ती असते असं जाहीर झालं आणि त्यावर बरंच लिहिलं गेलं. २०१९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ५३७ वारा काटेकोर पद्धतीने तपासल्या. सापडलेले जवळजवळ सगळे जंतू प्रसूतीच्या वेळी चिकटलेले किंवा तपासणीच्या रसायनांतून आलेले होते. निरोगी वारेत वस्ती नव्हतीच.

समजा जंतू खरे आहेत, तर ते करतात काय?

बीज सुटल्यावर सहा ते दहा दिवसांच्या सुमारास गर्भ अस्तरात रुजतो. त्या गर्भात निम्मा वाटा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने परका. परक्याला हाकलायचं काम जी प्रतिकारशक्ती करते, तिनेच इथे हात आवरता घ्यायचा असतो. त्यासाठी अस्तरात खास पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांचे रासायनिक संदेश फार नाजूक तोलावर चालतात. काही जंतूंच्या आवरणातले घटक या पेशींना सतत चेतवत राहिले तर अस्तरात सौम्य दाह टिकून राहतो आणि तोल ढळतो. तत्त्व पटण्यासारखं आहे आणि त्यातले बरेच दुवे प्रयोगशाळेत दिसलेही आहेत. फक्त अमुक बाईच्या अमुक टक्क्यांमुळे तिचा गर्भ रुजला नाही, असं म्हणायला ते पुरत नाहीत.

जिथे जंतूंचा हात नक्की आहे

या नव्या गोष्टीच्या नादात जुनी गोष्ट सुटू नये. भारतात मूल न होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे आजही महत्त्वाचं कारण आहे. टीबी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खोकला येतो. पण फुप्फुसातला जंतू रक्तातून गर्भनलिकांपर्यंत आणि गर्भाशयाच्या अस्तरापर्यंत जातो, आणि खोकला-ताप काहीही नसताना नळ्या बंद करून टाकतो. पाळी हळूहळू कमी होत जाते किंवा बंद होते, आणि अस्तर एकमेकांना चिकटतं. लहानपणी घरात कोणाला टीबी झाला होता का, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तर आपण होऊन सांगावा. निदान झालं तर सहा महिन्यांची औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. मात्र नुसत्या एका पीसीआर चाचणीवर औषधं सुरू करायला सांगत असतील तर दुसरं मत घ्यावं, कारण ती चाचणी मेलेल्या जंतूचा डीएनएही दाखवू शकते.

दुसरी गोष्ट, अस्तराची जुनाट सूज. डॉक्टर तिला क्रॉनिक एंडोमेट्रायटिस म्हणतात. दुखत नाही, खुपत नाही. अस्तराचा तुकडा तपासून त्यात प्लाझ्मा पेशी नावाच्या ठरावीक पांढऱ्या पेशी आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यासाठी त्या पेशींवरची सीडी-१३८ ही खूण दाखवणारा खास रंग वापरतात. यावर सहसा डॉक्सिसायक्लिनचा चौदा दिवसांचा कोर्स देतात. वारंवार गर्भपात होत असतील किंवा आयव्हीएफमध्ये चांगले गर्भ आत सोडूनही ते रुजत नसतील, तर ही तपासणी विचारात घ्यावी असं बरेच तज्ज्ञ मानतात. इथे आपण जंतूंची जनगणना करत नाही. त्यांनी अस्तराचं काही बिघडवलं आहे का ते बघतो, आणि मला हा मार्ग जास्त समंजस वाटतो.

एंडोमेट्रिऑसिसबद्दलही एक बातमी आहे. पाळीत असह्य दुखणाऱ्या या आजारात अस्तरासारखी पेशीरचना गर्भाशयाबाहेर वाढते. जपानच्या नागोया विद्यापीठाने २०२३ मध्ये सांगितलं, की हा आजार असलेल्या ६४ टक्के स्त्रियांच्या अस्तरात फ्युसोबॅक्टेरियम सापडला आणि आजार नसलेल्यांत दहा टक्क्यांहूनही कमी जणींत. उंदरांत अँटिबायोटिकने गाठी कमी झाल्या. उंदरांत.

"अँटिबायोटिक घेऊन टाकलं तर काय बिघडलं?"

बिघडतं. अँटिबायोटिक बहुधा हव्या-नकोशा जंतूंत फरक करत नाही, लॅक्टोबॅसिलसही मरू शकतात. मग बुरशी माजू शकते आणि खाज सुटते. शिवाय उपचार केल्यावर पुन्हा नमुना, पुन्हा रिपोर्ट, यात पाळीचे एक-दोन महिने निघून जातात. पंचविशीत ते चालतं. अडतिशीत त्या दोन महिन्यांची किंमत वेगळी असते.

मग उलट बाजूने, चांगले जंतू आत घालावेत का? डेन्मार्कमध्ये हे नीट करून बघितलं. योनिमार्गातले जंतू बिघडलेल्या, आयव्हीएफ करणाऱ्या तीनशेहून जास्त स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एकाला अँटिबायोटिक आणि नंतर लॅक्टोबॅसिलस, एकाला फक्त अँटिबायोटिक, एकाला नुसती दिसायला सारखी खोटी औषधं. गर्भ राहण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. जंतू सुधारले की मूल होईल, ही साखळी वाटते तितकी सरळ नाही. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या एश्रे या संघटनेनेही २०२३ मध्ये मायक्रोबायोमची चाचणी सरसकट करू नये असंच सांगितलं.

दही-ताकाबद्दल प्रत्येक जण विचारतो. दह्यातले जंतू लॅक्टोबॅसिलसच्या कुळातले असले तरी योनिमार्गात राहणारे क्रिस्पॅटस वगैरे प्रकार वेगळे. दही जेवणात जरूर खावं, दुसरीकडे कुठे लावू नये. आणि सोलकढीचा यात काही संबंध नाही, कितीही आंबट असली तरी.

"म्हणजे मी स्वच्छ राहत नाही?"

हा प्रश्न बायका मोठ्याने विचारत नाहीत, पण मनात तोच असतो. उत्तर आहे, नाही. जंतूंचा हा समतोल संप्रेरकं, पाळी, संबंध, औषधं अशा अनेक गोष्टींनी बदलतो. एकाच बाईत तो एका महिन्यात दोनदा बदलू शकतो. उलट आतून धुण्याने नुकसान होतं. डेटॉलचं पाणी, सुगंधी वॉश, तुरटी, लिंबू, यांतलं काहीही आत जाता कामा नये. बाहेरून साधं पाणी पुरतं. आत साफसफाई करायला लॅक्टोबॅसिलस नेमलेले आहेत आणि त्यांना पगार लागत नाही.

'पिशवी धुऊन घे, मग राहील' हा सल्ला मात्र अजून ऐकू येतो. कारण नसताना वारंवार क्युरेटिंग केलं तर अस्तर खरवडलं जाऊन चिकटू शकतं, आणि मग मूल होणं खरोखरच अवघड होतं.

आणि नवरा?

तो बहुतेक वेळा सेंटरच्या बाहेर फोनवर असतो. जंतूंच्या बाबतीतही त्याला मोकळं सोडता येत नाही. बॅक्टेरियल व्हजायनोसिस बरं होऊन पुन्हा का उलटतं, हे कोडं होतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने २०२५ मध्ये दाखवलं, की बायकोबरोबर नवऱ्यालाही गोळ्या आणि मलम दिलं तर तीन महिन्यांत ते उलटण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर येतं. इतकी वर्षं औषध एकटीलाच मिळत होतं.

मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाच्या जोडीने. तरीही बाईची सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, दुर्बीण, आता हा जंतूंचा गोल, एवढं सगळं होऊन जातं आणि वीर्यतपासणी राहिलेली असते. ती स्वस्त आहे आणि तालुक्याच्या लॅबमध्येही होते. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, आणि नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यायचा. घरून आणायचा तर तासाभराच्या आत पोचायला हवा, आणि घाटरस्त्याची, एसटीची खात्री कोणी द्यावी! गणपतीला नवरा घरी आला की सुट्टीतली एक सकाळ त्यासाठी काढावी, आणि तो रिपोर्ट आला की मगच कोल्हापूरची तारीख घ्यावी.